मोटर काढण्याआधी मीटर बघा

मार्च संपत आला की बोअरची मोटर काढणाऱ्यांचे फोन लागेनासे होतात. लागलाच तर पलीकडून उत्तर ठरलेलं असतं, ‘काढून बघावी लागेल.’ टाकी कोरडी पडलेली असते, घरात लहान मूल किंवा आजारी माणूस असतं, म्हणून आपणही लगेच होकार देतो. मग तिवई उभी राहते, कप्पीवरून दोनशे-अडीचशे फूट पाइप वर येतो आणि अंगणभर पसरतो. शेवटी मोटर वर येते. वायर जोडून पाहिली तर ती बऱ्याचदा गुमान फिरते. ‘गाळ अडकला असेल,’ असं कुणीतरी म्हणतं. मोटर धुतली जाते, पुन्हा खाली सोडली जाते, पैसे देऊन होतात. आठ दिवसांनी पाणी पुन्हा बंद.

पोट दुखतं म्हणून आलेल्या रुग्णाचा ताप न बघता, नाडी न बघता त्याला थेट टेबलावर घेणाऱ्या डॉक्टरकडे आपण दुसऱ्यांदा जाणार नाही. मोटरच्या बाबतीत मात्र ही शस्त्रक्रिया आपण स्वतःहून मागून घेतो. माझं म्हणणं एवढंच, की घरच्या पंपाचे बरेचसे बिघाड जमिनीवर उभं राहून, दोन मीटर, एक बादली आणि घड्याळ यांच्या मदतीने ओळखता येतात. ते न ओळखता मोटर वर ओढणं किंवा माणूस विहिरीत उतरवणं हा फक्त खर्चाचा प्रश्न नाही. आरोग्याच्या सदरात पंप कशाला, असं वाटत असेल तर थोडा धीर धरा.

सुरुवात विचारपूस करण्यापासून करायला हवी, आणि ती योग्य माणसाकडे करायला हवी. बहुतेक घरांत मोटर चालू-बंद करण्याचं काम बाईकडे असतं. मोटरचा आवाज बदललाय, टाकी भरायला पूर्वी पाऊण तास लागायचा तो आता सव्वा तास लागतो, पाणी मधेच फुसफुसत येतं, हे तिला पंधरा दिवस आधीच ठाऊक असतं. पण मेकॅनिक आल्यावर त्याच्याशी बोलायला पुढे होतो तो घरातला पुरुष, ज्याने आयुष्यात ते बटण चार वेळा दाबलेलं असतं. रोगाचा इतिहास तिथेच हरवतो.

नंतर भिंतीवरच्या पत्र्याच्या डब्याकडे जाऊ. सबमर्सिबलच्या सिंगल फेज पॅनेलवर सहसा दोन मीटर असतात, एक व्होल्टचा, एक अँपिअरचा. अनेक घरांत त्यांचे काटे कित्येक वर्षं हललेले नसतात आणि त्याची कुणाला खंतही नसते. गाडीचा पेट्रोलचा काटा बंद पडला तर आपण अस्वस्थ होतो, मात्र दोनशे फूट खाली, डोळ्यांआड, पाण्यात बुडून चालणाऱ्या यंत्राची खबर देणारी ही एकमेव खिडकी आपण बंद राहू देतो. मोटर नवी बसवली त्या दिवशी ती नीट पाणी देत असताना दोन्ही काटे कुठे होते, हे पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा. शेजारच्या घरचे आकडे उपयोगाचे नाहीत. तुमच्या मोटरचे, तुमच्या खोलीवरचे आकडे हवेत.

व्होल्टचा काटा आधी बघायचा, कारण तिथे दोष निघाला तर पुढचं सगळंच थांबतं. मोटरचा सुरू होतानाचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. २३० च्या जागी १८० व्होल्ट आले तर वाटतं, पाचव्या हिश्श्याहून थोडंच जास्त कमी झालं. पण जोर जवळपास चाळीस टक्क्यांनी घटलेला असतो. मोटर गुरगुरते, उठत नाही, आणि न फिरता विजेचा प्रचंड प्रवाह ओढत तापत राहते. संध्याकाळी सगळा गाव एकदम मोटरी लावतो तेव्हा हे हमखास घडतं. अशा वेळी पाच-पाच मिनिटांनी पुन्हा बटण दाबणं म्हणजे आपल्याच हाताने वायंडिंग जाळणं. पहाटे पाचला काटा वर असेल तेव्हा एकदा लावून पाहा. चालली तर मोटर ठणठणीत आहे, आजारी आहे ती लाइन. थ्री फेजवाल्यांची आणखी एक गंमत असते. ट्रान्सफॉर्मरवर काम झालं आणि दोन फेजची अदलाबदल झाली, की मोटर उलटी फिरते आणि पाणी नेहमीच्या मानाने अगदीच कमी येतं. दोन वायरी पालटल्या की काम होतं. तेवढ्यासाठीही मोटरी वर काढल्या गेल्या आहेत.

व्होल्टेज ठीक असेल तर अँपिअरचा काटा बोलू लागतो. काटा शून्यावर असेल तर वीज मोटरपर्यंत पोचतच नाही. एमसीबी, स्टार्टर, बोअरच्या तोंडाशी उन्हापावसात पडलेला वायरचा जोड, हे सगळं वरच तपासता येतं. काटा नेहमीपेक्षा खाली असेल तर मोटर फिरते आहे पण तिच्यावर ओझं नाही. याचा अर्थ बहुधा पाणी संपलं किंवा तिला हवा मिळू लागली. क्वचित मोटर आणि पंप यांना जोडणारा भाग तुटलेला असतो. ड्राय रन टाळणारी पॅनेलं हाच खाली आलेला प्रवाह ओळखून मोटर बंद करतात. काटा नेहमीपेक्षा बराच वर असेल तर पंप जड झालाय, वाळूने धरलाय किंवा बुश झिजलेत. आणि काटा नेहमीच्या जागी असून पाणी मात्र निम्मं येत असेल तर बोअरच्या तोंडाशी कान लावा. आत पाणी पडल्याचा आवाज आला, तर खाली कुठेतरी पाइपला भोक आहे किंवा जोड सुटलाय. पंप इमानदारीने पाणी चढवतो आणि ते पुन्हा बोअरमध्येच पडतं. या शेवटच्या दुखण्याला मोटर काढावीच लागते, पण निदान पाइप घेऊन यायचाय हे माहीत असल्याने एकाच फेरीत काम होतं.

सगळ्यात फसवं दुखणं कंडेन्सरचं. सिंगल फेज मोटरला स्वतःच्या बळावर फिरायला सुरुवात करता येत नाही, तिला सुरुवातीचा धक्का कंडेन्सर देतो. तो कमजोर झाला की मोटर नुसती हुंकारते, काटा वर जातो आणि ओव्हरलोड पडतो. लक्षणं हुबेहूब पंप जाम झाल्यासारखी. फरक एवढाच की कंडेन्सर पॅनेलमध्ये, हाताच्या अंतरावर असतो आणि काही शे रुपयांत बदलता येतो, तर ‘जाम झालेला’ पंप दोनशे फुटांवर असतो. म्हणून आधी कंडेन्सर बदलून पाहावा, हा साधा न्याय. तो वायरमनच्या हातूनच बदला. मेन बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये वीज साठून राहते आणि ती माणसाला जोरदार फेकते.

मेकॅनिक खरोखर जाणकार आहे का, हे ओळखायची माझी एक कसोटी आहे. मेन बंद केल्यावर तो मल्टिमीटर काढतो का? सिंगल फेज सबमर्सिबलच्या तीन वायरी वर येतात. त्या पॅनेलमधून सोडवून दोन-दोनच्या जोड्यांमध्ये रेझिस्टन्स मोजला, तर सर्वांत मोठा आकडा उरलेल्या दोन आकड्यांच्या बेरजेइतका यायला हवा. आला, तर वायंडिंग बहुधा शाबूत आहे. नंतर मेगर लावून वायर आणि अर्थ यांच्यात वीज झिरपत नाही ना ते बघायचं. पाच-दहा मिनिटांचं काम आहे आणि त्यासाठी एक इंचही पाइप वर ओढावा लागत नाही. हे न करता ‘काढू या’ म्हणणाऱ्याला मी तरी चहा पाजून परत पाठवीन.

आता बादली. आपल्याकडे ‘मोटर बिघडली’ असं ज्याला म्हणतात, त्यातलं बरंचसं म्हणजे खडकातलं पाणी आटलेलं असतं. महाराष्ट्राची सुमारे ऐंशी टक्के जमीन काळ्या पाषाणाची, बेसॉल्टची आहे. या दगडाच्या अंगात पाणी फारसं मुरत नाही. ते राहतं ते वरच्या मुरुमात, भेगांत आणि लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या सांध्यांत. त्यामुळे बोअर म्हणजे जमिनीखालच्या तळ्यात घातलेली नळी नव्हे. ती दोन-चार भेगांतून ठिबकणारं पाणी गोळा करणारी एक उभी, अरुंद टाकी आहे. साडेसहा इंची बोअरमध्ये मीटरमागे साधारण २१ लिटर पाणी मावतं. पन्नास मीटर पाणी उभं असलं तरी ते हजार लिटरच झालं. मोटर ते झपाट्याने उपसते आणि भेगा मात्र आपल्या चालीने भरत राहतात. एप्रिलमध्ये ही चाल मंदावते.

पंधरा लिटरची बादली भरायला मोटर लावल्यावर लगेच किती सेकंद लागतात आणि वीस मिनिटांनी किती, हे महिन्यातून एकदा मोजा. दोन्ही आकडे सारखेच वाढत चालले असतील तर पंप झिजतोय किंवा पाइप गळतोय. पहिला आकडा ठीक आणि दुसरा वाईट, शेवटी पाणी फुसफुसत येत असेल तर बोअर दमतंय. दमलेल्या बोअरला नवी मोटर हे औषध नाही. जास्त ताकदीची मोटर तर नाहीच, ती बोअर आणखी लवकर कोरडं करेल. सबमर्सिबल मोटर भोवतीच्या पाण्यानेच थंड राहते, कोरडी चालली की जळते. अशा बोअरला टायमर लावावा, पंधरा मिनिटं उपसा आणि मग तासाभराची विश्रांती. दिवसाचा हिशेब केला तर पाणी जवळपास तेवढंच मिळतं आणि मोटर वाचते. पुढच्या वेळी मोटर खरोखर काढावी लागली, तर पाइपच्या बाजूने अर्धा इंची प्लास्टिकची नळी खाली सोडून घ्या. त्यातून दोरी सोडून पाण्याची पातळी केव्हाही मोजता येते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. घरच्या बोअरची आपण एकदाही मोजत नाही, आणि मग पाणाड्याला नारळ देतो.

‘मोटर अजून खाली सोडा, नाहीतर बोअर आणखी खोल घ्या’ हा सल्ला तर औषधाच्या चिठ्ठीसारखा सर्रास दिला जातो. खोलवरचं पाणी खडकात जास्त काळ राहिलेलं असतं, म्हणून त्यात विरघळलेले क्षारही बहुधा जास्त असतात. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडने दात पिवळे-तपकिरी पडलेली मुलं आणि हाडं ताठरलेली माणसं दिसतात. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावं आणि दुसरा स्रोत नसेल तर फार तर १.५, अशी भारतीय मानकाची मर्यादा आहे. मोटर पन्नास फूट खाली गेली की पाणी तेच राहिलंय असं धरून चालू नये, ते नव्याने तपासून घ्यावं. उकळून फ्लोराइड जात नाही.

कोकणात आणि जुन्या वाड्यांत गोष्ट वेगळी. तिथे उघड्या विहिरीच्या काठावर मोनोब्लॉक बसवलेला असतो आणि त्याची एकच तक्रार असते, ‘हवा धरली.’ यात पंपाचा दोष कमी आणि निसर्गनियमाचा जास्त. पंप पाणी ‘ओढतो’ असं आपण म्हणतो, पण खरं तर तो पाइपातला दाब कमी करतो आणि विहिरीच्या पाण्यावर टेकलेली हवा पाणी वर ढकलते. हवेची ही ताकद समुद्रसपाटीला १०.३ मीटरला संपते. इटलीतल्या पंपवाल्यांना हे चारशे वर्षांपूर्वी अनुभवाने माहीत होतं. गॅलिलिओने १६३८ च्या ग्रंथात त्याची नोंद केली, आणि त्याचं कारण पुढच्या काही वर्षांत टॉरिचेलीने सांगितलं. व्यवहारात सहा-सात मीटरच्या पुढे भरवसा धरू नये. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं आणि पंप होता तिथेच राहिला, की कितीही प्रायमिंग केलं तरी पाणी येणार नाही. पातळी जवळ असूनही रोज सकाळी पाइपात पाणी भरावं लागत असेल, तर तळाचा फूटव्हॉल्व्ह गळतोय. गावाकडे त्याचा ‘फुटबॉल’ झाला आहे, आणि त्यात अडकलेलं एक पान किंवा काडी पंपवाल्याचा धंदा चालवू शकते.

इथून पुढे मात्र हा विषय गमतीचा राहत नाही. फुटबॉल साफ करायला, पंप खालच्या टप्प्यावर बसवायला, गाळ काढायला कुणीतरी विहिरीत उतरतं. वापरात नसलेल्या, झाकून ठेवलेल्या, पालापाचोळा कुजलेल्या विहिरीत तळाशी ऑक्सिजन संपलेला असू शकतो आणि जड कार्बन डायऑक्साइड साचलेला असू शकतो. हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. तो चार-सहा टक्क्यांवर आला तर मिनिटभराच्या आत शुद्ध हरपते, हाक मारायलाही सवड मिळत नाही. वरचा माणूस ‘चक्कर आली वाटतं’ म्हणून मागोमाग उतरतो आणि तोही कोसळतो. एप्रिल २०२४ मध्ये नेवासे तालुक्यातल्या वाकडी गावात शेणाची स्लरी साठवलेल्या जुन्या विहिरीत पडलेल्या मांजराला वाचवताना पाच जण एकामागोमाग गेले. वाचलेल्या सहाव्याच्या कमरेला दोर बांधलेला होता.

विहिरीत डिझेल इंजिन उतरवून पाणी उपसणं हा त्याहून वाईट प्रकार आहे. इंजिनाच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. पेटता दिवा खाली सोडून बघायची जुनी रीत इथे फसवते, कारण माणूस मरेल इतका मोनॉक्साइड असतानाही दिवा तेवत राहतो. दिवा विझला तर उतरू नये हे खरं, पण विझला नाही म्हणून उतरावं असं नाही. फूटव्हॉल्व्ह पाइपासकट वर ओढून साफ करता येतो. ते कष्टाचं आहे, वेळखाऊ आहे, आणि तसंच करावं. मजुरीवर आलेला माणूस ‘मी उतरतो’ म्हणाला तरी नाही म्हणण्याची जबाबदारी घरमालकाची आहे.

दुसरा धोका विजेचा. पंपाच्या लाइनला एमसीबी आहे म्हणून आपण निश्चिंत असतो. पण एमसीबी वायरला वाचवतो, माणसाला नाही. सोळा अँपिअरचा एमसीबी पडायला त्यातून सोळाहून जास्त अँपिअर जावे लागतात. माणसाचं हृदय थांबायला एका अँपिअरचा दहावा हिस्सा पुरेसा होतो. माणसाला वाचवतो तो आरसीसीबी, जो ३० मिलिअँपिअर वीज इकडेतिकडे झिरपली की लाइन तोडतो. हा बसवलेल्या घरांतही पुढे एक नेहमीची गोष्ट ऐकायला मिळते, ‘सारखा पडायचा, म्हणून काढून टाकला.’ तो सारखा पडत होता कारण बोअरमधल्या वायरचा जोड किंवा मोटरचं इन्सुलेशन ओलं झालं होतं. म्हणजे ज्या बिघाडाची पहिली खबर मिळाली, ती देणाऱ्यालाच घराबाहेर काढलं. नळाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर चप्पल घालून नळ सोडणं हा उपाय नव्हे. मेन बंद करा आणि अर्थिंगसह सगळी लाइन तपासून होईपर्यंत मोटर लावू नका.

मोटर वर काढणं अटळच ठरलं, तर ती वायरला धरून ओढू नये, दोर बांधलेला असतो तो त्यासाठीच. आणि ज्याकडे जवळपास कुणाचंच लक्ष नसतं ते असं : अंगणात, गोठ्याजवळ, चिखलात पसरलेला पाइप आणि दोर तसाच पुन्हा बोअरमध्ये जातो. शेणाचे, मातीचे, हातांचे जंतू थेट पिण्याच्या पाण्यात पोचतात. पुढच्या आठवड्यात घरात जुलाब सुरू झाले तर खापर बाहेरच्या खाण्यावर फुटतं. पाइप ताडपत्रीवर ठेवावा, खाली सोडताना धुऊन पुसून सोडावा, आणि शेवटी बोअरमध्ये ब्लीचिंग पावडरचं पाणी सोडावं. नेहमीच्या पाण्याला हजार लिटरला अडीच ग्रॅम पावडर पुरते. दुरुस्तीनंतरच्या या एका वेळेला मात्र मात्रा मोठी लागते, हजार लिटरला सुमारे २०० ग्रॅम. पावडर प्लास्टिकच्या बादलीत कालवून निवळू द्यावी, वरचं नितळ पाणी बोअरमध्ये ओतावं, नळाला क्लोरिनचा वास येईपर्यंत मोटर चालवून बंद करावी आणि रात्रभर तसंच राहू द्यावं. दुसऱ्या दिवशी वास जाईपर्यंत पाणी सोडून द्यावं, झाडांना घालू नये. तोवर प्यायला दुसरीकडचं पाणी वापरावं. हातात मोजे घालावेत आणि ही पावडर फरशीच्या ॲसिडजवळही नेऊ नये, त्यातून विषारी वायू निघतो. नंतर पाण्याचा नमुना तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत द्यावा.

राहिली ती मधली रात्र. मोटर रिवायंडिंगला गेलेली असते, ‘उद्या आणतो’चे तीन दिवस होतात आणि अंगणात साडेसहा इंचांचं तोंड उघडं असतं, फार तर त्यावर पोतं टाकून दगड ठेवलेला. लहान मूल आत जायला ही जागा पुरते. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये घालून दिलेल्या सूचनांमध्ये, दुरुस्तीसाठी पंप काढलेला असतानाही बोअर उघडं ठेवू नये, हे स्पष्ट लिहिलेलं आहे. केसिंगवर नटबोल्टने आवळता येणारं लोखंडी झाकण कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडे तासाभरात करून मिळतं. मेकॅनिकला फोन लावण्याआधी ते करून घ्यावं, तिवई अंगणात यायच्या आधी.